वेल्डन मारेकच्या फक्कीच्या रेघा

वेल्डन मारेक आणि मी शाळेत एकाच वर्गात होतो, आणि आमच्या फुटबॉलच्या टीममध्ये आम्हा दोघांइतकं संथ कुणी पळत नसे. मी ते हसण्यावारी नेलं. वेल्डनला ते जमलं नाही. म्हातारे कोच पर्व्हिस सगळ्यांसमोर त्याला विचारायचे, "मारेक, हे पाय आहेत की कुंपणाचे खांब?" पोरं खिदळायची आणि वेल्डन मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

त्याची जागा समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीच्या मधोमध होती. समोर बहुतेक वेळा त्याच्या दीडपट पोरगा असायचा. एकदा अशाच एका रेड्याला त्याने सामनाभर पुन्हा पुन्हा आडवं पाडलं. परतताना बसमध्ये मी विचारलं, "काय केलंस रे त्याला?"

"काही नाही. तो धडक द्यायला पाय उचलतो ना, तेव्हा एकाच पायावर असतो. मी तेवढीच वाट बघतो. आणि तोवर माझा पाय कुठे असायला हवा, ते आधी ठरवून ठेवतो."

बस. पुढचं सगळं आयुष्य त्याने या एका गोष्टीवर काढलं.

तो मास्तर होऊन, वांडाशी लग्न करून आमच्या गावी, ड्राय फोर्कला परत आला. इतिहास शिकवायचा आणि पर्व्हिसच्या हाताखाली पोरं तयार करायचा. पर्व्हिस घरी बसल्यावर तोच मुख्य कोच झाला. मी तोवर कापसाच्या जिनिंगवर लागलो होतो. पण जमेल तेव्हा सरावाला आणि शुक्रवारी संध्याकाळी सामन्याला मी मैदानाच्या कडेलाच असायचो. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पुढे घुसायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाही तर समोरच्यांना जातो. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली साखळी असते. त्यातली एक काठी माझ्या हातात. त्यामुळे वेल्डन काय बोलला, कुणावर ओरडला, कुणाला काय कुजबुजला, हे मला गावातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त ऐकू आलं.

ऑगस्टच्या उन्हात सराव सुरू व्हायचा. पहिला आठवडा वेल्डन चेंडू कुलपातच ठेवायचा. मैदानावर फक्कीच्या रेघा ओढायचा, प्रत्येक पोराच्या जागेच्या वेगळ्या. डावा पाय इथे, उजवा इथे, गुडघा एवढा वाकवून. शिट्टी, दोन पावलं, मागे. शिट्टी, दोन पावलं, मागे. फक्की पुसली गेली की तो पुन्हा ओढायचा. बाप लोक पिकअपला टेकून बघायचे.

"कोच, पोरांना फुटबॉल शिकवताय की नाच?" एकाने विचारलं होतं.

"नाच शिकवायला सोपा असतो," वेल्डन म्हणाला आणि शिट्टी मारली.

पोरं तरी कोण होती? शेतकऱ्यांची, तुरुंगातल्या पहारेकऱ्यांची, एक पाद्रीबाबांचा. दुसऱ्या कुठल्याही गावात बाकावरही बसवली नसती. पण हीच पोरं सप्टेंबरमध्ये आमच्या दुपटीच्या गावांना हरवून यायची. नोव्हेंबर लागला की आम्ही बाद फेरीत. पहिला सामना जिंकायचो. दुसरा जिंकायचो. तिसऱ्यात हॅचरशी गाठ पडायची.

हॅचर तेलाच्या विहिरींचं गाव. तिथली पोरं पळायची म्हणजे नुसती पळायचीच. आमचा पोरगा बरोबर जागी, बरोबर पायावर, बरोबर गुडघा वाकवून उभा असायचा आणि हॅचरचा पोरगा त्याच्या बाजूने केव्हाच निघून गेलेला असायचा. आमची पोरं सगळं बरोबर करायची आणि हरायची. वर्षानुवर्षं.

हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नेल्डाच्या डोनटच्या दुकानात सगळे जमायचे. गस तिथला कायमचा, पंप दुरुस्त करायचा तो. आणि रॉइस टॅकेट, बी-बियाण्यांच्या दुकानाचा मालक. आमच्याच वर्गातला आणि नंतर शाळा मंडळाचा अध्यक्ष झालेला.

"पळणं शिकवता येत नाही रे कुणाला," गस म्हणायचा.

"मग हा पगार कसला घेतो?" रॉइस.

"हॅचरचा कोच बघितलास? काही करत नाही. उभा राहून च्युइंगगम चघळतो. पण पोरं कशी, हरणं."

"वेल्डनलाही एक हरीण आणून द्या की. मग बघू."

"द्या, द्या. दाव्याला बांधून ठेवेल."

सगळे हसायचे. नेल्डा कॉफी ओतता ओतता माझ्याकडे बघायची, कारण मी हे वेल्डनला सांगणार असं तिला वाटायचं. मी सांगायचो नाही. सांगायची गरजही नव्हती. गावात एकच दुकान.

मग हरीण आलंच.

एलिसेओ बॅरिएंटोस. घरचे त्याला चेओ म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. त्याचा बाप रामिरो नव्या डेअरीवर गाई पिळायला लागला होता. पोरगा हडकुळा, लांब हातांचा, बोलताना तोंडावर हात धरायचा. पहिल्या आठवड्यात रेघांवर त्याने नुसता गोंधळ घातला. डाव्याच्या जागी उजवा, शिट्टीच्या आधी हललेला. वेल्डनने त्याला इतक्या वेळा मागे पाठवलं की मला वाटलं, हा पोरगा उद्या येत नाही.

आठवडा संपला, चेंडू बाहेर निघाला आणि चेओच्या हातात आला. एकदम आठ-दहा पोरं त्याच्या अंगावर गेली. काय झालं मला नीट सांगता येणार नाही. तो मध्ये होता आणि मग तो मध्ये नव्हता. टोकाला पोचून चेंडू खाली ठेवून उभा होता, आपण काही चूक केली का, अशा नजरेने मागे बघत. कुंपणाशी उभे बाप लोक पुढे सरसावले. मग कुणीतरी टोपी काढून जमिनीवर आपटली आणि ओरडला, "अरे देवा!"

मी वेल्डनकडे बघितलं. त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता. दवाखान्यात डॉक्टर काहीतरी सांगतो आणि माणूस ऐकून घेतो, तसा होता.

"परत," तो म्हणाला. "या वेळी रेघेवरून."

कुंपणाशी कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज केला.

पहिलं वर्ष दोघांचं जमलं नाही. पोरगा उलट बोलायचा नाही. "हो सर" म्हणायचा आणि पुन्हा आपल्या मनाने पळायचा. वेल्डन त्याला काढून बाकावर बसवायचा. एका सामन्यात त्याला अर्धा वेळ बसवला आणि आम्ही हरलो. त्या दिवशी लोकांनी वेल्डनच्या गाडीवर शीतपेयांचे कप फेकले. वांडा शेजारी बसली होती. तिने काच वर केली आणि म्हणाली, "वाइपर लाव."

मग एका दुपारी सरावात वेल्डनने सगळ्यांना थांबवलं आणि चेओला जवळ बोलावलं.

"तुला अडवायला आलेला तो पोरगा डावीकडे वळणार हे तुला आधी कसं कळलं?"

चेओने तोंडावर हात धरला. "माहीत नाही सर. मी त्याच्या पोटाकडे बघत होतो."

"पोटाकडे?"

"पाय फसवतात सर. पोट नाही फसवत."

वेल्डनने सराव पुढे सुरू केला. घरी जाताना माझ्या गाडीत होता. त्याचं घर आलं. मग म्हणाला, "हॉलिस, मी इतकी वर्षं पाय बघतोय. हा पोट बघतो. आणि हे त्याला कुणी शिकवलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने चेओच्या जागेवरच्या लांबलचक रेघा पुसल्या. फक्त दोन ठेवल्या. "ऐक. पहिली दोन पावलं माझी. पुढची सगळी तुझी. कबूल?"

"कबूल, सर."

खरं सांगायचं तर चेओने दोन पावलं क्वचितच पुरी टाकली. एक टाकायचा, कधी दीड. वेल्डन ओरडायचा, "बॅरिएंटोस, मोजता येतं का?" आणि पोरगा पळता पळता हसायचा. पण त्या एका पावलाने फरक पडला. आमची फळी कुठे उघडणार हे त्याला कळायला लागलं, आणि फळीतल्या पोरांना कळायला लागलं की आपण उघडलेली फट वाया जात नाही. वेल्डन त्या दोन वर्षांत बदलला. मैदानावर हसताना मी त्याला पहिल्यांदा तेव्हा बघितलं. चेओ रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचा. वांडा त्याला जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, खाऊ घालायची, आणि नाताळात रामिरो मक्याच्या पानांत वाफवलेले ताटभर तमाले घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा, टोपी हातात धरून.

चेओच्या शेवटच्या वर्षी आम्ही बाद फेरीतला तिसरा सामना हॅचरशी खेळलो आणि जिंकलो.

गावात त्या शनिवारी काय झालं ते सांगत बसत नाही. अग्निशमनाच्या गाडीवर पोरांची मिरवणूक निघाली. संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात सगळ्या गावाला बार्बेक्यू. रॉइस टॅकेट ताट घेऊन आमच्या टेबलाशी आला. त्याने वेल्डनच्या खांद्यावर थाप मारली.

"वाहवा रे वेल्डन! या वेळी पोराच्या आड आला नाहीस, तेवढं बरं केलंस."

टेबलावरचे सगळे हसले. रॉइसच्या मनात वाईट नव्हतं. त्याला ते कौतुकच वाटत होतं. वेल्डनही हसला. पण त्याने नंतर ताटातलं काही खाल्लं नाही. वांडाने विचारलं तर म्हणाला, "पोट भरलंय."

मी त्याला म्हटलं, "रॉइसचं काय मनावर घेतोस?"

"नाही घेत," तो म्हणाला. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "पण हॉलिस, तो खोटं बोलतोय का?"

मी त्याचं न खाल्लेलं ताट उचलून नेऊन ठेवलं.

चौथा सामनाही जिंकलो. मग राज्याचा उपांत्य सामना. दुसऱ्या शहरातलं मोठं स्टेडियम, शनिवारची दुपार, हाडं गोठवणारं वारं. ड्राय फोर्कमध्ये त्या दिवशी फार तर दवाखान्यातले म्हातारे उरले असतील. समोरची टीम पूर्वेकडची. त्यांच्याकडे चेओसारखी तीन-चार पोरं होती. आमच्याकडे एकच. तरीही आमची फळी फळीसारखी उभी राहिली. पोरांच्या नाकातून रक्त येत होतं, पण पाय जागेवर होते. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता.

चेंडू घेऊन समोरच्यांच्या टोकाची रेघ ओलांडली की सहा गुण; चेओने आम्हाला तिच्याजवळ आणलं. मग अडकलो. चौथा प्रयत्न, अजून दोन यार्ड हवे होते. ते मिळाले तर आणखी चार प्रयत्न आणि जवळजवळ नक्की विजय. नाही मिळाले तर संपलं. वेल्डनने खेळ थांबवायला सांगितलं. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. साखळीला दोन्ही गावांचा एकेक माणूस घेतला होता; मी काठी घेऊन दहा पावलांवर होतो.

अशा वेळी काय करायचं हे वेल्डनने ऑगस्टपासून शिकवलेलं होतं. चेओने चेंडू घेतल्यासारखं करून उजवीकडे पळायचं. सगळं जग त्याच्यामागे जाईल. चेंडू गुपचूप डस्टी कुबेनाकडे. डस्टी शेतकऱ्याचा पोरगा, पळण्यात बैल, पण दोन यार्डांसाठी बैलच हवा असतो. त्याने डाव्या फटीतून घुसायचं. ही चाल पोरांना झोपेतही येत होती. डस्टी हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी घट्ट करत होता. त्याला माहीत होतं.

वेल्डनने डस्टीकडे बघितलं. मग वर प्रेक्षकांकडे बघितलं. आमचं सगळं गाव उभं राहून एकच नाव ओरडत होतं. मग तो चेओकडे वळला.

"चेओ, तू घे. कुठून जायचं ते तू बघ. आज सगळी पावलं तुझी."

डस्टीचे हात पट्टीवरच थांबले. चेओने वेल्डनकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, आणि मला वाटलं तो काहीतरी म्हणणार. मग म्हणाला, "हो सर."

शिट्टी झाली. चेओ सरळ मध्ये घुसला. ढीग झाला. पंच एकेकाला ओढून काढत होते. सगळ्यात खाली चेओ चेंडू छातीशी धरून होता. पुढे सरकलाय की नाही, वरून कुणालाच सांगता येईना. पंचाने आम्हाला हात केला.

साखळी घेऊन मी मैदानात गेलो. साखळी ताणली, काठी रोवली. लांबट चेंडूचं नाक आणि काठी यांच्यामध्ये माझा पंजा आडवा मावला असता, एवढीच जागा. पंचाने दोन हातांत ती जागा धरून सगळ्यांना दाखवली. पलीकडच्या बाजूने आरोळी उठली. चेओ गुडघ्यांवर बसलेला होता. काठी उपटताना मी त्याच्या अगदी जवळ होतो, पण त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डनच्या अंगणात घर विकायला असल्याच्या पाट्या उभ्या होत्या. आमच्याकडे ही रीतच आहे. कोचने गाव सोडून जावं असं वाटलं की लोक येऊन त्याच्या गवतात अशा पाट्या रोवतात. मी पोचलो तेव्हा वांडा चर्चच्या कपड्यांत, हातमोजे घालून त्या उपटत होती.

"आत आहे," ती म्हणाली. "बघ काही खातोय का."

वेल्डन स्वयंपाकघरात टीव्हीवर सामन्याचं चित्रण बघत बसला होता. शेवटचा तो एक प्रयत्न, पुन्हा पुन्हा.

"डावी फट बघ," तो म्हणाला. मी बघितली. धान्याच्या कोठाराचं दार सताड उघडं असावं तशी होती. तिथे कुणीच नव्हतं. डस्टी चालत गेला असता तरी पोचला असता.

"आता हे बघ. चेओचे पाय."

मी बघितले.

"एक. दोन. आणि त्यापुढची सगळी. मी पुसलेल्या त्या लांब रेघेवर, बरोब्बर. वळला नाही, थांबला नाही, कुणाच्या पोटाकडे बघितलं नाही. तीन वर्षं मी या पोराच्या मागे लागलो होतो हॉलिस, आणि त्याने हे कधी केलं नाही." त्याने टीव्ही बंद केला. "ज्या दिवशी मी म्हटलं करू नकोस, त्या दिवशी केलं."

"का पण?"

"मला काय माहीत? मी विचारणार नाही. पोराला आयुष्यभर ते पुरेल तसंही."

"आणि तू चाल का बदललीस?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता. वांडा पाट्या गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवत होती.

नेल्डाच्या दुकानात मात्र उत्तरं भरपूर होती. निम्मे म्हणाले, एवढा पोरगा मिळून हा माणूस फायनल गाठू शकला नाही. निम्मे म्हणाले, आयुष्यभर चाली शिकवल्या आणि ऐन वेळी चाल कुठे गेली? डस्टीचा बाप काही बोलला नाही, पण त्याने वेल्डनशी बोलणं सोडलं, ते कायमचं.

चेओ शिष्यवृत्तीवर दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेला. त्यानंतरच्या हंगामात आमची टीम बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचली नाही. वेल्डनच्या काळात असं पहिल्यांदाच झालं. खरं तर विहिरींचं पाणी खोल गेलं होतं, घरं रिकामी होत होती, आणि टीमला पुरेशी पोरंच उरली नव्हती. पण लोकांना एकच गोष्ट दिसली. चेओ होता तेव्हा जिंकलो, चेओ गेला आणि हरलो. म्हणजे कोचचं काय होतं?

रॉइस स्वतः वेल्डनच्या घरी आला. ते मी त्याच्या बाजूने सांगतो, त्याने पत्र पाठवलं नाही.

"मंडळाला वाटतंय, नवीन माणूस आणावा. तू इतिहास शिकवत राहा की. कुणी नको म्हणत नाही."

"तुला काय वाटतं, रॉइस?"

"मी मंडळाचाच आहे ना."

"मी तुला विचारतोय. आपण एका बाकावर बसलोय."

रॉइस टोपीची कड चाचपत राहिला. "वेल्डन, मला फुटबॉलमधलं काय कळतं? लोकांना वाटतं ते मला वाटतं."

वेल्डनने शाळाच सोडली. तो हॅचरला जाऊन पोरांना गाडी चालवायला शिकवायला लागला. होय, हॅचरलाच. दुसरीकडे जागा नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मैदानावरचे दिवे लागले की तो आणि वांडा गाडी काढून तिच्या बहिणीकडे जायचे, म्हणजे घरात बसून आवाज ऐकायला नको. नवीन कोच तरुण होता. रेघा-बिघा काही नाहीत. त्याच्या वेळच्या मोठ्या पोरांना वेल्डनने लहानपणापासून पावलं घोटून दिलेली होती. ती पोरं त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत घेऊन गेली आणि हॅचरकडून हरली. नेल्डाच्या दुकानात सगळे म्हणाले, "कोच चांगला आहे रे. पोरांतच दम नव्हता."

त्या दिवशी मी अर्धी कॉफी टाकून उठलो.

पुढच्या वसंतात चेओ परत आला. दुखापत नाही, भांडण नाही. तिथे त्याला खेळवलंच नाही आणि मग शिष्यवृत्तीही काढून घेतली. तो बापाबरोबर डेअरीवर लागला, पुढे दुधाचा टँकर चालवायला लागला. गाव म्हणालं, बघा, मारेकविना हा काहीच नव्हता. तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर बसून. कुणालाही काही वाटलं नाही.

वेल्डनला भेटायला यायचं धाडस त्याला बऱ्याच दिवसांनी झालं. रविवारची दुपार होती. मी अंगणात वेल्डनला पंपाचा नळ बसवायला मदत करत होतो. टँकर नव्हता, बापाची पिकअप होती. चेओ उतरला. अंगाने भरला होता.

"कसं काय कोच?"

"ये. वांडा चर्चमध्ये आहे, नाहीतर काही खायला मिळालं असतं."

तिघं पायरीवर बसलो. इकडचं तिकडचं झालं. गाईंचं, पावसाचं. मग वेल्डनने विचारलं, "तिकडे काय झालं?"

"काही नाही सर. तिथे सगळेच माझ्यासारखे होते. काही माझ्यापेक्षा चांगले." तो बुटाने माती उकरत होता. "आणि कुणी काही सांगायचं नाही. नुसतं म्हणायचे, जा, पळून दाखव. मला वाटायचं, कुणीतरी ओरडावं. मोजता येतं का, म्हणून."

वेल्डन हसला नाही.

"कोच, तो शेवटचा प्रयत्न."

"राहू दे ते."

"नाही, मला सांगायचंय. डावी फट मला दिसली होती. तुम्ही चाल सांगायच्या आधीच दिसली होती. डस्टीला द्या, असं म्हणणार होतो. पण तुम्ही म्हणालात, सगळी पावलं तुझी. तुम्ही कुणालाच असं कधी म्हटलं नव्हतं सर. मला वाटलं, एवढा विश्वास ठेवला तर आपण तरी एकदा यांनी शिकवलेलं नीट करून दाखवावं. म्हणून रेघेवरून गेलो."

मी हातातला पाना खाली ठेवला. वेल्डन समोरच्या रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर काही नव्हतं.

"पावलं बरोबर होती," तो शेवटी म्हणाला.

"हो?"

"एकदम बरोबर. मी चित्रणात बघितली."

चेओने तोंडावर हात धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. एवढा थोराड झालेला पोरगा. वेल्डनने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तो तसा माणूसच नव्हता. तो उठला, आत गेला आणि बराच वेळ आतल्या नळाचं पाणी वाहत राहिलं. बाहेर आला तेव्हा तीन पेल्यांत थंड चहा होता आणि त्याचे डोळे लाल होते.

त्यानंतर चेओ अधूनमधून यायचा. फुटबॉलचं नाव दोघांनी कधी काढलं नाही. एकदा चर्चच्या लोकांनी वेल्डनला विचारलं, लहान पोरांना शनिवारी थोडं शिकवाल का? तो म्हणाला, "काय शिकवू? मला माहीत असतं तर शिकवलं असतं." ते लोक अवघडून निघून गेले. मला ते ऐकून जेवढं वाईट वाटलं, तेवढं अंगणातल्या पाट्या बघूनही वाटलं नव्हतं. कारण पाट्या दुसऱ्यांनी लावल्या होत्या.

तो गेला फेब्रुवारीत. हृदय. हॅचरमध्ये, शिकाऊ गाडीत, शेजारच्या सीटवर. गाडी चालवणाऱ्या मुलीने घाबरून न जाता गाडी नीट कडेला घेतली आणि दिवे लावले. त्याने तिला तसं शिकवलं होतं.

दफनाला चर्च भरलं होतं. गाव अशा वेळी येतंच. नंतर हॉलमध्ये जेवण होतं, सॉसेज, बटाट्याचं सॅलड, बायकांनी आणलेले केक. रॉइस येऊन वांडाचा हात धरून रडला, आणि ते खरं रडणं होतं. पुढच्या टेबलावर गसने विषय काढलाच.

"काही म्हणा, वेल्डन होता म्हणून ती पोरं तिथवर गेली."

"अरे, चेओ होता म्हणून गेली."

"आणि चेओला घडवलं कुणी?"

"घडवलं? तो पहिल्याच दिवशी कसा पळाला होता, मी स्वतः बघितलंय. माझीच टोपी होती ती, जमिनीवर आपटलेली."

चेओ त्यांच्यामागेच बसलेला होता, काळ्या कोटात, एकटा. त्यांनी त्याला बघितलंही नव्हतं. तो ताटाकडे बघत बसला होता. वांडा मोठं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होती. लोक म्हणत होते, वांडा, तू बस, पण ती ऐकत नव्हती. ती त्याच्यापाशी थांबली आणि त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

"नको, बाई. मला निघायला हवं. संध्याकाळचं दूध न्यायचंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "खाऊन जा."

तो खाली मान घालून खायला लागला. ती भांडं घेऊन तिथेच उभी राहिली, त्याचं होईपर्यंत.